वाचायला म्हणून साठवलेल्या १,४०० लिंका: आधी काय वाचायचं, काय जपायचं, काय सोडायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. लेख नंतर वाचायला साठवून ठेवायचं पॉकेट हे ॲप बंद झालं तेव्हा सगळ्या लिंकांची सीएसव्ही फाइल (साध्या मजकुरातला तक्ता) उतरवून ठेवली, तीत सुमारे १,४०० लिंका आहेत. शिवाय व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवलेल्या काहीशे, आणि फोनच्या ब्राउझरमध्ये उघडेच राहिलेले टॅब. वाचायला रोज वीस मिनिटं मिळतात. फोल्डर कसे पाडावेत, ॲप कोणतं घ्यावं, सुरुवात कुठून करावी?

फोल्डर आत्ता पाडू नका. विषयवार फोल्डर पाडले की ढीग नीटनेटका दिसतो, पण असतो तेवढाच. 'अर्थकारण', 'आरोग्य', 'प्रवास' अशी नावं वाचून आज रात्री जेवणानंतरच्या वीस मिनिटांत काय उघडायचं ते ठरत नाही. विषयाचा उपयोग पुढे कधीतरी शोधताना होतो. वाचायचा क्रम मात्र वेळेवरून ठरतो, म्हणून आधी वेळेचा हिशोब मांडा.

रोज वीस मिनिटं म्हणजे आठवड्याला १४० मिनिटं. लेख सरासरी आठ मिनिटांचा धरला तर आठवड्याला सतरा लेख होतात. १,४०० लिंका या वेगाने संपवायला ८२ आठवडे लागतील, तेही मध्ये एकही नवी लिंक साठवली नाही तर. आणि रोज पाच नव्या साठवत असाल तर आठवड्याला पस्तीस येतात, सतरा जातात, अठरा साचतात. वर्षाला नऊशेच्या वर. ही तफावत कोणत्याही ॲपने भरून निघत नाही. यातल्या बहुतेक लिंका वाचून होणार नाहीत हे गृहीत धरायचं, आणि ज्या वाचून होतील त्या नशिबावर न सोडता आपण निवडायच्या. सगळं काम एवढंच आहे.

आता फाइल उघडू. पॉकेटच्या निर्यातीत लेखांचा मजकूर येत नाही, फक्त शीर्षक, पत्ता, साठवल्याची वेळ, टॅग आणि वाचलं की नाही याची स्थिती एवढे रकाने असतात. झिप उघडल्यावर एकाहून जास्त सीएसव्ही दिसल्या तर सगळ्या एकाच शीटमध्ये एकाखाली एक आणा. एक्सेलमध्ये ही फाइल डबलक्लिक करून उघडू नका. मराठी शीर्षकांच्या जागी बऱ्याचदा अगम्य चिन्हं दिसतात आणि तशीच सेव्ह केली तर मूळ अक्षरं कायमची जातात. रिकामी वर्कबुक उघडून डेटा मेनूतून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' घ्या आणि फाइलचं मूळ म्हणून '६५००१: युनिकोड (यूटीएफ-८)' निवडा. गूगल शीट्समध्ये इंपोर्ट केलं तर हा त्रास सहसा होत नाही.

वेळेच्या रकान्यात तारीख नसून दहा आकडी संख्या असते. ती १ जानेवारी १९७० पासून मोजलेले सेकंद आहेत. संख्येला ८६४०० ने भागायचं, त्यात १ जानेवारी १९७० ही तारीख मिळवायची आणि रकान्याला तारखेचं रूप द्यायचं. उदाहरणार्थ १७०४०६७२०० म्हणजे १ जानेवारी २०२४, भारतीय वेळेनुसार पहाटेचे साडेपाच. ही तारीख हाती नसेल तर पुढची चाळणी लावताच येत नाही, म्हणून हे काम टाळू नका.

व्हॉट्सॲपवरच्या लिंका काढायला स्वतःच्या चॅटच्या माहितीत जा. तिथे मीडिया, लिंक्स आणि डॉक्स एकत्र दिसतात, त्यातल्या लिंक्सच्या टॅबवर नुसत्या लिंकांची यादी मिळते. संख्या मोठी असेल तर चॅट मीडियाशिवाय एक्स्पोर्ट करा. साधी टेक्स्ट फाइल मिळते आणि प्रत्येक संदेशाला तारीख असते. संगणकाच्या ब्राउझरमधले उघडे टॅब कंट्रोल, शिफ्ट आणि डी एकत्र दाबून एकाच बुकमार्क फोल्डरमध्ये टाकता येतात. फोनवरचे टॅबही एकदा बघून घ्या. अँड्रॉइडवरचं क्रोम ९९ च्या पुढे टॅबांचा आकडा दाखवणं थांबवतं, त्यामुळे किती आहेत याचा अंदाजच राहत नाही.

मग दुबार लिंका काढा. पत्त्यावरून क्रम लावला तरी सगळ्या सापडत नाहीत, कारण तोच लेख फेसबुकवरून आला की पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्हानंतर मागोवा घेणारं लांब शेपूट लागतं, आणि मोबाइल आवृत्तीचा पत्ता 'एम' पासून सुरू होतो. प्रश्नचिन्हापुढचं सगळं सरसकट कापू नका. यूट्यूबसारख्या काही साइटवर मजकुराचा क्रमांक त्याच भागात असतो, तो कापला की लिंक मुख्य पानावर जाते. मराठी विकिपीडियासारख्या पत्त्यांत आणखी एक गोम आहे: देवनागरीच्या एकेका अक्षरचिन्हाला तीन बाइट लागतात आणि प्रत्येक बाइट टक्केचिन्हासह तीन चिन्हांत लिहिला जातो, म्हणजे एका चिन्हामागे नऊ. एकाच पानाचा पत्ता एकदा स्वच्छ मराठीत आणि एकदा या लांबलचक रूपात साठलेला असू शकतो. शीर्षकावरून क्रम लावून नजर फिरवली की असे जोड पटकन दिसतात.

आता निवडणं. तांदूळ निवडतात तसं, एकेका ओळीवर फार न रेंगाळता. शेजारी एक कोरा रकाना घ्या आणि प्रत्येक ओळीपुढे चारपैकी एक खूण करा. 'वा' म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचायचं. 'सं' म्हणजे संदर्भ, गरज पडेल तेव्हा बघायचं: पाककृती, नकाशे, पीएफ काढायचा फॉर्म कसा भरावा याची माहिती. 'क' म्हणजे हे वाचनच नाही, काम आहे: प्रवेशअर्ज, नोंदणी, तुलना करून घ्यायची वस्तू. 'सो' म्हणजे सोडायचं. ढीग हाताबाहेर जाण्याचं मुख्य कारण हे पहिले तीन प्रकार एकाच यादीत पडणं हेच असतं. संदर्भाचं पान कधीच 'वाचून झालं' होत नाही, म्हणून ते वाचायच्या यादीत कायम तुंबून राहतं; आणि कामाच्या लिंकेची मुदत लेखांच्या गर्दीत निघून जाते. 'क' खुणेच्या लिंका त्याच दिवशी कॅलेंडरमध्ये किंवा कामांच्या यादीत तारखेसह टाका आणि इथून काढा.

एका ओळीला पाच सेकंद दिले तर १,४०० ओळींना दोन तास लागतात. अर्ध्या अर्ध्या तासाच्या चार बैठका करा. या फेरीत एकही लिंक उघडायची नाही, हा नियम कडक पाळा. एक उघडली की पंधरा मिनिटं जातात आणि बैठक मोडते. आधी संकेतस्थळाच्या नावावरून क्रम लावलात तर काम निम्म्यावर येतं, कारण एकाच साइटचे चाळीस लेख एकाखाली एक दिसले की त्यातले खरोखर हवे असलेले तीन लगेच डोळ्यांत भरतात.

तारखेची चाळणी अशी लावा. चालू घडामोडींची बातमी दोन आठवड्यांपेक्षा जुनी असेल तर 'सो'. एखाद्या निर्णयावरचं किंवा निवडणुकीवरचं मतप्रदर्शन दोन महिन्यांनी 'सो', तुम्ही त्या विषयात काम करत असाल तर 'सं'. सॉफ्टवेअर, कर, सरकारी योजना यांवरची माहिती वर्ष उलटलं की बहुधा बदललेली असते, तीही 'सो'. लागेल तेव्हा ताजी शोधणं जास्त सुरक्षित, कारण जुन्या नियमानुसार भरलेला अर्ज परत येतो. कथा, ललित, मुलाखती, इतिहास, विज्ञानावरचे दीर्घ लेख यांना वयाची अट लावू नका. शीर्षक वाचून काहीच आठवत नसेल तर निःशंक 'सो'. ही फाइल कुठे जात नाही. नाव बदलून तशीच जपून ठेवा, 'सो' च्या ओळींसकट. पुढे काही आठवलं तर तिथे शोधता येईल, त्यामुळे ही खूण करताना हात आखडता घ्यायचं कारण नाही.

एवढं करूनही 'वा' च्या खुणा दोन-तीनशे राहतील. यादीला वरची मर्यादा हवी, आणि ती तुमच्या वेगावरून काढायची: आठवड्याला सतरा, साडेतीन आठवड्यांचं वाचन म्हणजे साठ. यापुढे गेली की यादी एका नजरेत बसत नाही. साठ निवडताना दुसरी फेरी करा आणि विचारा: हे या महिन्यात वाचलं नाही तर काही अडेल का? पण सगळी साठच्या साठ उपयोगाची भरू नका. किमान वीस जागा निव्वळ आनंदासाठी ठेवा: दिवाळी अंकातली कथा, प्रवासवर्णन, ज्या विषयाशी आपला सुतराम संबंध नाही त्यावरचा चांगला लेख. दिवसभर काम करून आलेला माणूस रात्री कर्तव्याची यादी उघडत नाही, आणि यादी आठवडाभर उघडली नाही की सवय सुटते.

क्रम लावायला तारे किंवा एक ते पाच गुण देऊ नका. साठवताना प्रत्येक लेख महत्त्वाचाच वाटतो, त्यामुळे सगळ्यांना चार गुण मिळतात आणि क्रम लागतच नाही. त्यापेक्षा प्रत्येक लिंकेपुढे एक ओळ लिहा: हे कशासाठी आणि कधीपर्यंत. गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेवरचा एक लेख घ्या. त्याला 'आरोग्य' असा टॅग लावला तर सहा महिन्यांनी तो बाकीच्या तीसांसारखाच दिसेल. त्याऐवजी 'आईच्या ऑपरेशनआधी डॉक्टरांना काय विचारायचं, भेट १२ तारखेला' असं लिहिलं तर तो कुठे बसतो ते आपोआप ठरतं: ११ तारखेच्या आधी, सगळ्यांच्या वर. आणि १३ तारखेला तो बिनदिक्कत काढता येतो. दुसरं उदाहरण: मातीविना शेतीवरचा दीर्घ लेख, पुढे ओळ 'गच्चीवर करून बघायचं का, उन्हाळ्याआधी ठरवायचं'. तिसरं: एका गायिकेची मुलाखत, ओळ 'रविवारी निवांत'. ओळ सुचतच नसेल तर ते साठवायचंच नाही. साठवण्याच्या दारावरची ही एक अट येणाऱ्या लिंका जेवढ्या कमी करते तेवढं दुसरं काहीच करत नाही.

मग क्रम सरळ होतो. मुदत असलेलं आधी. मग सध्या हातात असलेल्या कामाला लागणारं. उरलेल्यांत लांबी आणि त्या वेळची मनःस्थिती बघून निवडायचं.

लांबीबद्दल थोडं सविस्तर, कारण मराठी वाचणाऱ्यांची इथे फसगत होते. ॲप जो 'वाचायला ५ मिनिटं' असा आकडा दाखवतं तो शब्द मोजून काढलेला असतो आणि त्यामागचा वेग साधारणपणे इंग्रजी वाचनाचा असतो. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला जोडून येतात. 'शेतकऱ्यांसाठीसुद्धा' हा एक शब्द मोजला जातो, पण तो वाचायला एका छोट्या शब्दाइतका वेळ लागत नाही. म्हणून मराठी लेखाला दाखवलेल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. तुमचा वेग एकदा मोजून घ्या: हजारेक शब्दांचा, ओळखीच्या विषयावरचा लेख घड्याळ लावून वाचा, तसाच एक अनोळखी विषयावरचा, आणि ॲपच्या आकड्याला किती पटीने गुणायचं ते ठरवा. स्कॅन केलेल्या पानांचा आकडा तर विचारात घेऊच नका, कारण ॲपला त्यात शब्द सापडलेलेच नसतात.

यावरून तीन टॅग पुरतात: 'छोटं' म्हणजे पाच मिनिटांच्या आत, लोकलच्या दोन स्टेशनांत होणारं, 'बैठक' म्हणजे वीस मिनिटं सलग हवीत असं, 'ऐकायचं' म्हणजे फोनला वाचायला सांगून स्वयंपाक करताना होण्यासारखं. वॉलाबॅग या लेख साठवायच्या ॲपमध्ये हे आपोआप करता येतं. तिथे टॅगचे नियम लिहिता येतात आणि नियमात वाचनवेळ, संकेतस्थळ, भाषा, शीर्षक यांवर अटी घालता येतात: वाचनवेळ पाच किंवा कमी असेल तर 'छोटं' लाव, अशी. इन्स्टापेपर या तशाच ॲपमध्ये यादी लांबीनुसार लावता येते, तेवढ्यावरही काम भागतं. सफारीच्या आणि क्रोमच्या रीडिंग लिस्टला टॅगही नाहीत आणि फोल्डरही नाहीत, त्यामुळे साठ लिंकांपुढे त्या तोकड्या पडतात.

टॅग मराठीत ठेवणार असाल, आणि ठेवावेतच, तर एक खाचखळगा माहीत हवा. 'शेतकऱ्यांसाठी' मधला अर्धा 'ऱ' संगणकात दोन प्रकारे लिहिला जातो: एका कीबोर्डवर तो नुक्तेवाल्या 'ऱ' ला हलन्त लावून उमटतो, दुसऱ्यावर साध्या 'र' ला हलन्त आणि त्यापुढे न दिसणारं जोडचिन्ह लावून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत. फोनवर लावलेला टॅग मग संगणकावर शोधून सापडत नाही आणि एकाच नावाचे दोन टॅग तयार होतात. ऱ्य आणि ऱ्ह असलेले शब्द टॅगमध्ये टाळा. 'शेतकऱ्यांसाठी' ऐवजी 'शेती'. 'हेल्थ' आणि 'आरोग्य' अशी जोडनावंही पहिल्या दिवशीच एक करून टाका. एकूण टॅग दहाच्या आत.

रोज निवडताना सगळी यादी उघडून बसू नका. सकाळी किंवा आदल्या रात्री फक्त तीन काढा: एक मुदतीचं किंवा कामाचं, एक आवडीचं, आणि एक यादीतलं सर्वांत जुनं. तिसऱ्याचं कारण महत्त्वाचं आहे. बहुतेक ॲप नवीन लिंक सर्वांत वर दाखवतात, त्यामुळे कालचं वाचलं जातं आणि तळातलं तळातच राहतं. मांडणी 'जुनं आधी' अशी बदलता येत असेल तर आठवड्यातून एक दिवस ती तशी ठेवा.

लेख अर्ध्यात कंटाळवाणा निघाला तर सोडून द्या आणि यादीतून काढा. 'अर्धवट वाचलेले' असा वेगळा फोल्डर करू नका. तो दुसरा ढीग होतो.

रविवारी दहा मिनिटं यादीवर फिरा. तीन रविवार सलग पुढे ढकललेलं काढून टाका. यादी साठच्या वर गेली असेल तर जितक्या जास्त तितक्या तिथल्या तिथे काढा, 'पुढच्या आठवड्यात बघू' नको. नवीन आलेल्यांना कारणाची ओळ नसेल तर आत्ता लिहा किंवा काढा.

'सं' खुणेच्या लिंकांना वेगळी वागणूक लागते. नुसता पत्ता जपून उपयोग नाही. प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत २०१३ साली अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं ऑक्टोबर २०२३ पर्यंत नाहीशी झालेली आढळली. म्हणून संदर्भाचं पान मजकुरासकट साठवा. सिंगलफाइल हे ब्राउझरचं एक्स्टेंशन पूर्ण पान, चित्रांसह, एका एचटीएमएल फाइलमध्ये उतरवतं. मराठी पानांसाठी हे पीडीएफपेक्षा बरं, कारण देवनागरीच्या पीडीएफमधून मजकूर शोधताना किंवा कॉपी करताना ऱ्हस्व वेलांट्या आणि जोडाक्षरं अनेकदा जागा बदलतात. सार्वजनिक पान असेल तर वेबपानांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्येही त्याची प्रत जमा करा. लॉगिनमागचं पान किंवा फेसबुकवरची मित्रांपुरती नोंद तिथे जात नाही, तिचा मजकूर हाताने कॉपी करून ठेवावा लागतो. जुन्या यादीतली लिंक मेलेली निघाली तर तोच पत्ता वेबॅक मशीनमध्ये टाकून बघा, बऱ्याचदा प्रत मिळते.

काही जुन्या मराठी साइटचा आणि सरकारी पीडीएफचा मजकूर युनिकोडमध्ये नसतो, श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये असतो. पडद्यावर नीट दिसतो, पण शोध लागत नाही. अशी पीडीएफ असेल तर पानांची चित्रं करून ती गूगल ड्राइव्हवर चढवा आणि गूगल डॉक्समध्ये उघडा. अक्षरओळख मराठीतही चालते, चुका मात्र तपासाव्या लागतात. तेवढा वेळ नसेल तर फाइलच्या नावातच चार-पाच नेमके मराठी शब्द आणि वर्ष घाला. शोध निदान नावावर तरी लागेल.

राहिला ॲपचा प्रश्न. रेनड्रॉप लिंका वर्गवार जपायला चांगलं आहे, म्हणून 'सं' साठी सोयीचं. इन्स्टापेपर वाचायला सुटसुटीत, म्हणून 'वा' साठी. वॉलाबॅग मुक्तस्रोत आहे आणि स्वतःच्या सर्व्हरवर ठेवता येतं. तेवढी तांत्रिक खटपट नको असेल तर त्याची सशुल्क सेवा मिळते. फायरफॉक्स वापरत असाल तर साध्या बुकमार्कांना टॅग लावता येतात आणि पत्त्याच्या पट्टीत अधिक चिन्ह, जागा आणि टॅग लिहिला की तेवढेच दिसतात. साठ लिंकांना हेसुद्धा पुरेसं आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत.

निवडताना आधी निर्यातीची सोय तपासा, बाकी सोयी नंतर. वाचनाच्या अशा सेवा बंद पडतात: गूगल रीडर १ जुलै २०१३ ला बंद झालं, ऑम्निव्होर २०२४ च्या अखेरीस, पॉकेट ८ जुलै २०२५ ला; पुढचं कोणतं ते सांगता येत नाही. नवीन ॲपमध्ये पहिल्याच दिवशी दहा लिंका टाका, दोनांना मराठी टॅग लावा, एकीला कारणाची ओळ लिहा आणि लगेच निर्यात करून फाइल उघडा. टॅग आले का, ओळ आली का, मराठी अक्षरं शाबूत आहेत का, तारीख आहे का, हे चार मुद्दे बघा. कारणाची ओळ निर्यातीत येत नसेल तर ती नोंदीच्या रकान्यात न लिहिता शीर्षकाच्याच सुरुवातीला लिहायची सवय लावा, कारण शीर्षक निर्यातीत येतंच. पुढे दर महिन्याच्या १ तारखेला निर्यात करा आणि फाइलला वर्ष-महिना असं नाव देऊन जुन्या १,४०० लिंकांच्या फाइलीशेजारी ठेवा.